डायल-अपचा आयपी पत्ता नेमका कोणाचा?

प्रश्न : १९९९ साली आमच्या कर्वेनगरच्या घरी डायल-अप इंटरनेट होते. जोडणी झाली की संगणकावर दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्या संगणकाचा क्रमांक, मी कुतूहलापोटी वहीत उतरवून ठेवत असे आणि तो दर खेपेस वेगळा निघे. आता फायबर आहे, तरी राउटर बंद करून सुरू केला की पत्ता बदलतो. हल्ली तो १०० या आकड्याने सुरू होतो. खाते तेच आणि पैसेही वेळेवर भरलेले असताना पत्ता कायमचा का मिळत नाही, आणि तो ठरवते कोण?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : पत्ता खातेदाराला मिळतो, असे आपण धरून चालला आहात. डायल-अपमध्ये तो त्या वेळी लागलेल्या लाईनला मिळत असे. सेवा देणाऱ्या कंपनीकडे मोडेम (फोन लाईनवरून माहिती नेणारी उपकरणे) बसवलेले अ‍ॅक्सेस सर्व्हर असत आणि साधारण दहा खातेदारांमागे एक मोडेम असा हिशेब धरला जाई, कारण सगळे एकाच वेळी फोन लावत नाहीत. रात्री आपल्याला ऐकू येणारा एंगेज टोन याच हिशेबातून येई. ज्या यंत्राला ४८ मोडेम आहेत, त्यावर एका क्षणी ४८ पेक्षा जास्त माणसे असूच शकत नाहीत. म्हणून पत्तेही ४८ पुरतात. ५०० खातेदारांना ५०० पत्ते नेमून दिले असते, तर त्यांतले साडेचारशेहून अधिक सदैव पडून राहिले असते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या जगासाठी मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते आहेत आणि त्यांतलेही बरेच राखीव आहेत, त्यामुळे ही काटकसर मला योग्यच वाटते.

(विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हाच्या शेल खात्यात ग्राहकाच्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसे. तो निगमाच्या संगणकाचा केवळ दूरचा पडदा असे.)

पत्ता देण्याचे काम पीपीपी या, एका लाईनवरून दोन यंत्रे जोडण्याच्या नियमावलीतला आयपीसीपी हा भाग करतो. मोडेमची किरकिर थांबली आणि पासवर्ड तपासून झाला, की आपला संगणक ‘माझा पत्ता ०.०.०.०’ असे कळवतो, म्हणजे पत्ता मागतो. पलीकडचे यंत्र ते नाकारते आणि नकारासोबतच, समजा, १९२.०.२.४७ हा पत्ता सुचवते. आपला संगणक तोच पत्ता घालून पुन्हा विनंती करतो आणि मग ती मान्य होते. पत्ता कोणता द्यायचा हे बहुधा रेडियस सर्व्हर, म्हणजे खातेदारांच्या नोंदी ठेवून पासवर्ड तपासणारा कंपनीचा संगणक, सांगतो. एखाद्या खातेदाराच्या नोंदीत ठरावीक पत्ता लिहिलेला असेल, तर त्याला दर वेळी तोच मिळतो. त्या जागी २५५.२५५.२५५.२५४ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘तुमच्या साठ्यातला कोणताही मोकळा पत्ता द्या’ असा होतो. कायमचा पत्ता देणे म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एवढी एक नोंद बदलणे.

मात्र ती नोंद जपून करावी लागते. पुण्यातल्या एका संस्थेच्या शाखा डायल-अपने मुख्य कार्यालयाशी जोडण्याचे काम मी काही काळ पाहत होतो. तिथे एका शाखेला कायमचा पत्ता देताना तो सर्वांसाठीच्या साठ्यातून वगळायचा राहून गेला. एके संध्याकाळी तोच पत्ता दुसऱ्या शाखेलाही गेला. दोन्हीकडे ‘जोडणी झाली’ असे दिसत होते, मोडेमचे दिवे लुकलुकत होते, पण पहिल्या शाखेची फाईल अर्ध्यावर थांबली होती, कारण परतीची पॅकेट (माहितीचे तुकडे) दुसऱ्याच फोन लाईनवर जात होती. दोष लाईनचा समजून आम्ही दोन तास टेलिफोनच्या वायरी तपासल्या. तेव्हापासून कायमच्या पत्त्यांचा पट्टा साठ्यापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पत्ता बदलता असला की माणूस सापडत नाही, हा समजही चुकीचा आहे. कोणत्या खात्याला कोणता पत्ता केव्हापासून केव्हापर्यंत दिला, याची नोंद रेडियस ठेवतो. ती वाचताना पत्त्याइतकीच वेळ महत्त्वाची असते. सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर तोच पत्ता नंतर मिळालेल्या निरपराध माणसावर ठपका येऊ शकतो, आणि ही हयगय मला अक्षम्य वाटते.

आता आपल्या फायबरविषयी. राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असेल, तर आपली जोडणी बहुधा पीपीपीओईची, म्हणजे ब्रॉडबँडवर चालणाऱ्या त्याच पीपीपीची, आहे आणि तिच्यात पत्ता याच पद्धतीने मिळतो. फक्त फोन लावावा लागत नाही. १०० ने सुरू होणारा आपला पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर तो एप्रिल २०१२ मध्ये सेवा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने आपल्यासारखी अनेक घरे बसवली आहेत. वाचन, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ यांना त्याने अडत नाही, पण घरातला कॅमेरा बाहेरगावाहून थेट त्या पत्त्यावर उघडू पाहाल तर उघडणार नाही. ग्राहकाला हे आधी सांगितले जात नाही, ही मात्र माझी खरी तक्रार आहे. तशी गरज असेल, तर कंपनीकडे ‘सार्वजनिक स्टॅटिक आयपी’ लेखी मागावा. नुसता ‘स्टॅटिक’ मागितल्यास याच अंतर्गत पट्ट्यातला न बदलणारा पत्ता पदरात पडू शकतो.