दोघांनीच जायचं, तीन-तीन रात्रींसाठी : युरोपातल्या शहरांबद्दल तुमचे प्रश्न

नवरा-बायकोनं दोघांनीच युरोपात छोट्या छोट्या ट्रिपा करण्याबद्दल बरीच पत्रं आलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यात सगळ्यांच्या उपयोगाचं काही आहे त्यांना इथं उत्तर देतेय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालोय, जुळे सोलापूरला राहतो. मुलगा-सून म्युनिकला असतात. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं दोन-अडीच महिने त्यांच्याकडं जाणार. त्या दोघांच्याही नोकऱ्या, त्यामुळं आम्ही दिवसभर घरात. मुलगा म्हणतोय नऊ दिवसांची बस टूर घ्या, सात देश होतात. मिसेस नको म्हणतेय. आमचं आम्ही कुठं जाऊन येऊ शकतो का? वय 64 आणि 60, इंग्लिश कामापुरतं येतं.

उत्तर : काका, येऊ शकता की, आणि मी काकूंच्या बाजूनं आहे. नऊ दिवसांत सात देश म्हणजे रोज सकाळी बॅगा भरून खाली आणायच्या, बसमध्ये बसायचं, एका चौकात उतरायचं, काकूंचा फोटो काढून होईपर्यंत गाइड छत्री वर धरून पुढं गेलेला असतो. एवढे पैसे घालून, एवढ्या लांब जाऊन माणसानं घाईत का राहायचं? ज्यांचं तिकडं कुणीच नाही आणि ज्यांना भाषेची फार भीती वाटते त्यांच्यासाठी टूर ठीक आहे, पण तुमचं तर म्युनिकला हक्काचं घर आहे. मोठ्या बॅगा, महिनाभराची औषधं सगळं तिथंच ठेवायचं आणि पाठीवर एकेक छोटी सॅक टाकून मंगळवारी निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. शनिवार-रविवार मुलासाठी-सुनेसाठी. मधल्या वारांना गर्दी कमी असते आणि बहुतेक वेळा हॉटेलही स्वस्त मिळतं.

पहिल्यांदा एका दिवसाचं साल्झबुर्ग करा म्हणजे तुमची भीड चेपते. म्युनिकहून साधारण दोन तासांच्या आत ट्रेन पोचते. बायर्न तिकीट म्हणून एक दिवसाचं तिकीट मिळतं, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, आणि देश ऑस्ट्रिया असला तरी ते साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. फक्त दोन गोष्टी, सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि फक्त साध्या रिजनल गाड्यांत चालतं, फास्ट गाडीत त्यावर बसायचं नाही. मोझार्ट जिथं 1756 साली जन्मला ते पिवळं घर तिथल्या जुन्या गल्लीत आहे, मिराबेल बाग फुकट आहे, आणि वरचा किल्ला 1077 मध्ये बांधायला घेतलेला. आपला भुईकोट रोज बघणाऱ्या माणसाला डोंगरावरचा किल्ला बघायला मजा येते. गुडघे दुखत असतील तर चढू नका, वर जायला रेल्वेसारखी फ्युनिक्युलर आहे.

मग व्हिएन्ना, तीन रात्री. डायरेक्ट गाडी चार तासांच्या आसपास घेते, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, पण ते स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीला चालतं आणि सहसा पैसे परत मिळत नाहीत हे लक्षात ठेवा. डब्याचा नंबर बघूनच बसा, कारण तिकडं काही गाड्या वाटेत तुटतात, अर्धे डबे एका गावाला आणि अर्धे दुसऱ्या. आणि दार आपोआप उघडत नसेल तर बटण दाबायचं असतं, गाडी आपल्या कुर्डुवाडीसारखी निवांत थांबत नाही.

व्हिएन्नात पहिल्या दिवशी काहीच तिकिटाचं बघू नका. रिंगरस्त्यावरून 1 आणि 2 नंबरची ट्राम जाते, ऑपेरा, पार्लमेंट, म्युझियम सगळं खिडकीतून दिसतं, जिथं आवडलं तिथं उतरायचं. कागदी तिकीट असेल तर पहिल्यांदा बसताना मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. शोनब्रुन राजवाडा आतून बघायला तिकीट आहे पण मागची भलीमोठी बाग फुकट आहे, आणि काकूंना बहुतेक बागच जास्त आवडेल. एक गोष्ट सोलापूरकरांना सांगायलाच पाहिजे. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून पाइपलाइननं येतंय, आणि तेच पाणी सगळे नळाचं तसंच पितात. आपण उजनीच्या पाण्याची वाट बघत पिंपं भरून ठेवणारी माणसं. रस्त्यावरच्या नळाखाली बाटली धरली तेव्हा मला तिथल्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा त्या पाण्याचंच जास्त कौतुक वाटलं, आणि आपल्या गावात हे का होऊ नये असं वाटून जीवही तुटला.

नंतर प्राग. म्युनिकहून थोडं लांब पडतं, ट्रेननं पाच-सहा तास, पण बघाच. तिथला चार्ल्स पूल 1357 मध्ये बांधायला घेतला आणि 1841 पर्यंत त्या गावात नदीवर तेवढा एकच पूल होता. तिथं सकाळी सातच्या आत जावा, दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. जुन्या चौकातलं घड्याळ 1410 सालचं आहे, अजून चालतंय, तासाला खिडक्या उघडतात आणि बाहुल्या फिरतात. त्या वेळी सगळे वर बघत असतात म्हणून खिसा सांभाळा.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगते. जर्मनीचा शेंगेन व्हिसा मिळाला की 29 देशांत चालतो, स्वित्झर्लंडसकट. लंडन त्यात नाही. पासपोर्टवरच्या स्टिकरवर किती दिवस आणि किती एंट्री लिहिलंय ते दोघांचं वेगवेगळं वाचा, तारखा लांबच्या असल्या तरी दिवस कमी लिहिलेले असू शकतात. सिंगल एंट्री असेल तर शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकलं की त्या व्हिसावर परत आत येता येत नाही. आणि ऑस्ट्रिया काय जवळच आहे म्हणून पासपोर्ट घरी ठेवून जायचं नाही, जर्मनीत परत येताना ट्रेनमध्ये पोलीस तपासतात.

प्रश्न : खायचं काय न्यायचं? आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. पेढे, घरचं तूप, कडक भाकरी, शेंगाचटणी न्यावी म्हणते. (बाळीवेस)

उत्तर : कडक भाकरी आणि शेंगाचटणी डोळे झाकून न्या, त्याच्यासारखं प्रवासाला दुसरं काही नाही. चटणीला तेल सुटतं म्हणून दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका. पण पेढे, खवा, तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. ताजा कढीपत्ता, आंबे, भाजीही नको, त्याला सर्टिफिकेट लागतं. आंब्यांच्या सीझनला मुलांसाठी पेटी न्यायचा मोह होतो म्हणून मुद्दाम सांगते.

दही तिकडं कुठल्याही सुपरमार्केटमध्ये झकास मिळतं. भाकरी चुरायची, दही घालायचं, वर चटणी, हॉटेलच्या खोलीत आमचं रात्रीचं जेवण कितीतरी वेळा हेच असतं आणि दिवसभर चालून आल्यावर त्याच्यासारखं सुख नाही. बाहेर खाताना विचारूनच घ्या. भाजीच्या सूपमध्येही मटणाचा स्टॉक असतो, प्रागचे बटाट्याचे घावन दिसायला आपले वाटतात पण त्यात बहुतेक अंडं असतं, व्हिएन्नाचं काइझरश्मारन, म्हणजे कुस्करलेलं जाड पॅनकेक, गोड असलं तरी अंड्याचंच. फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे), फ्राइज, उकडलेले बटाटे, चीज न घातलेला मरिनारा पिझ्झा हे चालून जातं. काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक पाळत असाल तर पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं बघून घ्या.

प्रश्न : ताई, माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ह्यांना सगळं बघायचं असतं. कागदावर लिहून आणतात, नऊला हे, साडेदहाला ते. मला तेवढं चालवत नाही, आणि खरं सांगू तर मला तेवढं बघायचंही नसतं, मला कुठंतरी बसून माणसं बघायला आवडतात. मागच्या ट्रिपमध्ये दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सप्टेंबरमध्ये परत व्हिएन्ना-प्राग ठरलंय आणि मला आत्तापासून टेन्शन आलंय. (विजापूर रोड)

उत्तर : अगं, ही तक्रार मला एवढ्या बायकांनी सांगितलीये की हा प्रश्न वेगळा नाहीच. काही ठिकाणी उलटंही असतं, बायकोला सगळं बघायचं असतं आणि नवरा बाकडं शोधत असतो.

पहिलं म्हणजे तू ट्रिप बिघडवतेस असं मनातून काढून टाक. बसून शहर बघणं हेही बघणंच आहे. व्हिएन्नात तर ते रीतसर मानलेलं आहे, तिथल्या जुन्या कॉफी हाउसमध्ये एक कॉफी मागवली की सोबत पाण्याचा ग्लास येतो आणि मग तू दोन तास बसलीस तरी कुणी उठ म्हणत नाही. एकटी बाई निवांत पेपर चाळत बसलीये ह्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही, आपल्या नवी पेठेत तसं बसायला आपल्यालाच कसंतरी होतं.

दुसरं, दिवसातले दोन तास दोघांनी वेगळं व्हायचं. ह्यात रुसवा नाही, हे घरातूनच बोलून ठरवून जायचं. व्हिएन्नात एकमेकांसमोर दोन सारख्याच दिसणाऱ्या म्युझियमच्या इमारती आहेत आणि मधल्या बागेत मारिया थेरेसा राणीचा मोठा पुतळा आहे. यजमानांना चित्रांच्या म्युझियममध्ये जाऊ दे, तिथं ब्रॉयगेल नावाच्या चित्रकाराची चित्रं आहेत, जगात एका जागी एवढी दुसरीकडं नाहीत, त्यात बर्फातले शिकारी आहेत, शेतकऱ्यांचं लग्न आहे, त्यांना काय दोन तास पुरायचे नाहीत. तू बागेत बस नाहीतर कॉफी प्यायला जा. चार वाजता पुतळ्यापाशी. दोघांच्या फोनमध्ये वेगळं सिम घ्या, एकाच्याच फोनवर नेट असलं की वेगळं होताच येत नाही आणि तिथूनच निम्मी भांडणं सुरू होतात.

आणि त्यांच्या कागदाचं काय, तर कागद राहू दे, पण दिवसाला तिकिटाचं एकच मोठं ठिकाण. ते सकाळी. दुपारी जेवून हॉटेलवर तासभर आडवं व्हायचं, म्हणून हॉटेल स्टेशनपासून लांब, स्वस्त उपनगरात घेऊ नका, खोली लहान चालेल पण ट्रामच्या रस्त्यावर हवी. सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उजेड असतो, त्यामुळं दुपारची विश्रांती घेऊनही दिवस हातात राहतो. प्रागचा राजवाडा उंचावर आहे, तिथं 22 नंबरच्या ट्रामनं वर जायचं आणि पायऱ्या उतरत खाली यायचं, चढायचं नाहीच. चौकांत फिरायला तिकीट लागत नाही. त्या गावात सगळीकडं दगडी फरशी आहे, नवीन चप्पल-सँडल घालून जाऊ नको, महिनाभर वापरलेले बूट घाल.

आमचे हे प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचतात. मी बाकावर बसते. मग रात्री ते मला वाचलेलं सांगतात आणि मी त्यांना बाकावरून बघितलेलं सांगते, शेजारी येऊन बसलेल्या आजी, भांडणारी पोरं, असलं. आमच्या ट्रिपांमधलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे बोलणं. यजमानांना हे उत्तर वाचायला दे.

प्रश्न : फेब्रुवारीत लग्न आहे, नंतर नऊ दिवस सुट्टी. पॅरिस, स्विस, रोम, व्हेनिस असं बसतंय का? बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. (होटगी रोड)

उत्तर : बसवलं तर बसतंय, पण नको. जाण्या-येण्याचे दोन दिवस गेले, सोलापूरहून मुंबईचा प्रवास वेगळाच, हातात सहा-सात राहतात. रोम आणि फ्लॉरेन्स करा, दोन्हीत फास्ट ट्रेननं दीड तासाचं अंतर. रोमचं पँथिऑन हे जुनं देऊळ जवळजवळ 1900 वर्षांचं आहे, घुमटाला वर मोठं गोल भोक आहे, पाऊस आला की आत पडतो आणि फरशीच्या भोकांतून वाहून जातो, आधी बाकी सगळं सोडून हे बघा. व्हॅटिकनचं म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रांचं म्युझियम सोमवारी बंद, त्याप्रमाणं वार लावा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. पॅरिस पुढच्या वेळी एकट्या पॅरिससाठी जा.

नावाचं म्हणाल तर पासपोर्टवर आहे त्याच नावानं व्हिसा आणि तिकीट, अक्षर न् अक्षर तसंच, आणि मॅरेज सर्टिफिकेट सोबत. लग्नाच्या घाईत नवीन पासपोर्ट काढायच्या भानगडीत पडू नका. ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडं अर्ज करायचा, सहा महिने आधीपासून करता येतो. फी माणशी 90 युरो आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. मेडिकल इन्शुरन्स निदान 30,000 युरोचा लागतो.

प्रश्न : पैसे रोख न्यावेत की कार्ड? (अक्कलकोट रोड)

उत्तर : दोन्ही, आणि दोघांकडं वेगवेगळं कार्ड, एकाच पाकिटात नाही. मशीन विचारतं रुपयात कापू का, तेव्हा नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात कापू द्या, नाहीतर रेट वाईट लागतो. प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट चालतं, तिथं युरो दिले तर दुकानदार स्वतःच्या रेटनं घेतात. प्रागमध्ये पैसे बदलून घेतले आणि रेट वाईट लागला असं कळलं, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच दुकानात परत जायचं, व्यवहार रद्द करायचा हक्क कायद्यानं आहे, 1,000 युरोपर्यंतच्या रकमेला. आणि खिशात 50 सेंट, एक युरोची नाणी कायम ठेवा, स्टेशनवरच्या टॉयलेटला लागतात.