बेसबॉलचा १९४१ चा हंगाम एवढा का गाजला?

दोन माणसांमुळे: न्यूयॉर्क यँकीजचा जो डिमॅजिओ आणि बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स.

डिमॅजिओने १५ मेपासून सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट (म्हणजे बाद न होता बेस गाठून देणारा फटका) मारला. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ही साखळी तुटली. तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक केन केल्टनर याने त्याचे दोन सणसणीत फटके अडवले. दुसऱ्याच दिवसापासून डिमॅजिओ पठ्ठ्याने पुन्हा सलग १६ सामन्यांत हिट मारले! ५६ चा विक्रम आजही कायम आहे.

पण मला विचाराल तर विल्यम्सची गोष्ट जास्त भारी. २८ सप्टेंबर, हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने. त्याची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे हिटचं प्रमाण) होती .३९९५५, म्हणजे नोंदीत .४०० धरली गेली असती. मॅनेजर जो क्रोनिनने बाहेर बसायची मुभाही दिली होती. (९९ वर चाचपडणारे आपले फलंदाज आठवले ना?) हा दोन्ही सामने खेळला, ८ पैकी ६ हिट मारले आणि .४०६ वर थांबला. हजार संधींमागे ४०६ हिट समजा. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात .४०० कोणालाच जमलेलं नाही.

त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिकाही अजब. चौथ्या सामन्यात ब्रुकलिन डॉजर्स ४-३ ने पुढे, यँकीजचा शेवटचा गडी टॉमी हेन्रिक स्ट्राइकआउट (तिसरा स्ट्राइक पडून बाद) झालाच होता, पण डॉजर्सचा कॅचर (फलंदाजामागचा झेलणारा) मिकी ओवेनच्या हातून चेंडू निसटला, आणि असं झालं की फलंदाजाला पळता येतं. हेन्रिक पहिल्या बेसवर पोचला, यँकीजने तो सामना ७-४ असा उलटवला आणि दुसऱ्या दिवशी सिरीजही खिशात घातली.