थकवा आणि अ‍ॅलर्जीसाठी आईला रोज चमचाभर बी पोलन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 61 आहे, त्यांना सतत थकवा असतो आणि हिवाळा लागला की शिंका व छातीत घरघर सुरू होते. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की रोज चमचाभर बी पोलन घेतलं की दोन्ही जातं. तेव्हा ते द्यावं का, आणि दिलंच तर चांगलं कसं ओळखावं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी सरळ उत्तर देतो: तुमच्या आईला देऊ नका. सांगली जिल्ह्यात आमच्या मधपेट्या आहेत, बी पोलन म्हणजे मधमाशांनी फुलांवरून गोळा केलेला पराग, तो मी स्वतः काढतो आणि खातोही. पराग वाईट म्हणून नाही, तर त्यांना असलेल्या घरघरीमुळे नको म्हणतोय.

पराग म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. फुलावर लोळून आलेली कामकरी माशी अंगावरची पूड पायांनी झाडून गोळा करते, तोंडातल्या मधाने ओली करते आणि मागच्या पायांवरच्या खोलगट जागेत तिची गोळी दाबून बसवते. आम्ही मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपीय जातीच्या मधमाशीच्या) पेटीच्या दाराशी सुमारे 5 मिलिमीटर भोकांची जाळी लावतो. माशी त्यातून अंग चोरून आत जाते, पायाची गोळी निसटून खालच्या खणात पडते. संध्याकाळी खण ओढला की आजूबाजूच्या शेतात काय फुललंय ते कळतं. मक्याचा पराग फिकट पिवळा असतो, सूर्यफुलाचा गडद नारिंगी, आणि मधेच एखादी गोळी राखाडी किंवा हिरवट निघते. बोटांत चुरडली तर पिठासारखी मोडते. चव आधी गोडसर, मग किंचित कडवट. दोन्ही पायांच्या गोळ्या मिळून भरतात सुमारे 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या एका चमच्यामागे माशांच्या कित्येक शे फेऱ्या असतात.

हा पराग त्यांच्या पिल्लांचा घास आहे. दाई माश्या तो खातात आणि त्यावरच अळ्यांसाठीचा पौष्टिक रस अंगात तयार करतात. म्हणून जाळी सतत लावून ठेवायची नसते. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून महिनामहिना जाळी न काढणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या पेट्या पुढे कमजोर होतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता पोषणाचं. वाळवलेल्या परागात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात, फुलाप्रमाणे कमी-जास्त. ब गटातली काही जीवनसत्त्वं, खनिजं आणि कॅरोटीनसारखी रंगद्रव्यंही असतात. जाहिरातीत हे सगळं शंभर ग्रॅमच्या हिशेबाने छापतात, आणि ते खोटं नसतं. पण शंभर ग्रॅम कोण खातं? दहा ग्रॅम खाल्ला तर दोन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतील. एका अंड्यात सहा असतात, मूठभर शेंगदाण्यात सात. शिवाय परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षांपूर्वीच्या गाळातही ते शाबूत सापडतं. आपल्या पोटात आतलं सगळं सुटून येतंच असं नाही. माशा पोळ्याच्या घरांत मधासोबत दाबून तो आंबवतात, तेव्हा तो पचायला काहीसा हलका होतो. त्याला बी ब्रेड म्हणतात, पण बाटलीत मिळतो तो बहुतेक कच्चाच.

थकव्याबाबत मला त्यांची जास्त काळजी वाटते. 61 व्या वर्षी सतत थकवा म्हणजे हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-12, डी जीवनसत्त्व यांपैकी काहीही असू शकतं, क्वचित हृदयाचंही. शाकाहारी घरात तर बी-12 आधी तपासावं, आणि त्याची कमतरता वनस्पतीच्या परागाने भरून निघेल असा भरवसा धरता येत नाही. रक्त तपासायला फार खर्च नाही. परागावर तीन महिने काढले आणि मूळ दुखणं तसंच राहिलं, तर ते तीन महिने परत मिळत नाहीत. मला खरी भीती याचीच वाटते.

अ‍ॅलर्जीचा दावा मात्र धोक्याचा आहे. लोक म्हणतात, ज्याने शिंका येतात तेच थोडं थोडं खाल्लं की शरीराला सवय होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या डोसाने तसं करतातही, पण त्यात कशाची अ‍ॅलर्जी आहे हे आधी तपासलेलं असतं. बाटलीतल्या परागात कोणत्या फुलांचा किती हे कुणालाच ठाऊक नसतं. शिंका आणणारा पराग बहुतेक वाऱ्यावर उडणारा असतो, गवतांचा आणि झाडांचा. माशा बहुधा जड, चिकट पराग आणतात. म्हणजे सवय व्हायला हवी ती वस्तू त्यात असेलच असं नाही. आणि त्रास व्हायला पुरेल इतकी ती असूही शकते, कारण मक्यासारख्या वाऱ्यावर परागण होणाऱ्या पिकावरही माशा जातात.

आपल्याकडे तर गाजर गवत आहे. 1950 च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आता बांधावर, रस्त्याकडेला, पडीक रानात सगळीकडे माजलंय. त्याच्या परागाने दमा आणि अंगावर खाज येणारे कितीतरी लोक आहेत. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, कारळा ही सगळी त्याच कुळातली. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याने त्रास होऊ शकतो. सूर्यफुलाचा पराग तर आमच्या खणात भरपूर पडतो.

2012 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका 30 वर्षांच्या बाईची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. तिला फक्त हंगामी शिंकांचा त्रास होता, खाण्यापिण्यातली कसलीच अ‍ॅलर्जी नव्हती. बी पोलन घेतल्यावर पापण्या, ओठ, घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला आणि तिला तातडीने दवाखान्यात न्यावं लागलं. तुमच्या आईला तर आधीच घरघर आहे. म्हणून मी इतक्या ठामपणे नको म्हणतोय. त्या रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील तर आणखी एक कारण: बी पोलन सुरू केल्यावर आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आकडा) धोकादायकरीत्या सातच्या वर गेलेल्या रुग्णाची नोंद अमेरिकेत 2010 मध्ये झाली आहे.

मग परागाचा औषध म्हणून कुठेच उपयोग नाही का? आहे, पण तो वेगळा. राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या परागाचा अर्क पुरुषांच्या प्रोस्टेटच्या दुखण्यावर वापरतात. जर्मनीत 139 पुरुषांवर 12 आठवडे चाचणी झाली, 2009 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले आणि वेदना कमी झालेल्या दिसल्या. पण तो ठरावीक पद्धतीने काढलेला अर्क आहे. त्याचं श्रेय चमचाभर कच्च्या परागाला देता येत नाही. ताकदीसाठी म्हणाल तर 1970 च्या दशकात खेळाडूंमध्ये परागाची मोठी हवा होती, पण इंग्लंड-अमेरिकेत पोहणाऱ्या मुलांना देऊन पाहिलं तेव्हा त्यांचा वेग काही वाढला नाही.

पदार्थ म्हणून खायला माझी अजिबात हरकत नाही. दक्षिण इराकच्या पाणथळ भागात पाणकणसाच्या परागाची मिठाई करतात, कोरियात पाइनचा पराग मधात मळून साच्यात दाबून वड्या पाडतात. दमा, शिंका, परागाची अ‍ॅलर्जी यांपैकी काही नसलेल्या धडधाकट माणसाने दह्यावर भुरभुरून खावा. पहिल्या दिवशी एक-दोन दाणेच खाऊन थांबावं, ओठांना किंवा घशाला खाज आली तर पुन्हा तोंडात घालू नये. वर्षाखालच्या बाळाला आणि गरोदर बाईला देऊ नये.

तुम्ही विचारलंय म्हणून, घरात दुसऱ्या कुणासाठी घेणार असाल तर एवढं बघा. ताजा पराग 20 ते 30 टक्के पाणी धरून असतो, म्हणून त्याला एक-दोन दिवसांतही बुरशी धरते. तो 40 अंशांच्या आत, सावलीत वाळवावा लागतो. बाटली हलवली की दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. गठ्ठे दिसले किंवा कुबट वास आला तर घेऊ नका. कोणत्या भागातला, कोणत्या हंगामातला हे विक्रेत्याला विचारा, कारण फवारणी झालेल्या शिवारातला पराग औषध धरून ठेवतो, मधापेक्षा जास्त. ज्याला फुलोऱ्याचं नाव सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि वजन उतरवणारं पोलन म्हणून कॅप्सूल विकत असतील तर हातही लावू नका. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी अन्न व औषध संस्थेने) 2014 मध्ये अशा काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे बंदी घातलेलं औषध लपवलेलं आढळल्याचं जाहीर केलं होतं. आणलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नको.