विश्रांतीच्या दिवशी किती पोळ्या?

"मॅडम, मुलगी बरी झाली म्हणून गणपतीला नारळ वाढवून आले, आणि आता ही म्हणते मी जिममध्ये ट्रेनर होणार! ज्या विहिरीतून ओढून काढली तिच्याच काठावर घर बांधायला निघाली आहे. तुम्हीच समजवा तिला."

गेल्या वर्षी वासी उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मृणालच्या आईचा हा फोन आला. मागे गच्चीवरचा पतंगांचा गलका ऐकू येत होता आणि त्यातून त्या जवळजवळ ओरडून बोलत होत्या. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. खाण्याच्या आजारातून बाहेर आलेली मुलगी डाएटिशियन होऊ पाहते, कुणी नाच शिकवू पाहते, कुणी ट्रेनर, आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून मृणालची गोष्ट सांगते. तिने वाचून हो म्हटल्यावरच लिहिते आहे. नाव खरं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मात्र मुद्दाम गाळले आहेत. वाचणाऱ्यांत कुणी त्या आजारात असेल तर बाकी सगळं विसरून तो आकडाच डोक्यात घेऊन बसतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मृणालचं घर बडोद्यात दांडिया बाजारचं, चार पिढ्यांपासूनचं. पणजोबा प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले. लाठी, मल्लखांब, लेझीम यांच्या गोष्टी त्या घरात अजून जेवताना निघतात. अशा घरात व्यायाम म्हणजे पुण्यकर्म. त्यामुळे एकोणीस वर्षांची मुलगी रात्री जेवून उठली की सुरसागर तलावाच्या कडेने फेऱ्या मारायला पळते, पाऊस असो की ताप असो, याचं सगळ्यांना कौतुकच वाटलं. घरातले झोपल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन शिळ्या पोळ्या, चिवडा, दिवाळीचे उरलेले लाडू, हाताला लागेल ते उभ्याउभ्या संपवायची हे कुणाला दिसत नव्हतं. डबे रिकामे होतात हे आजीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "हिला भस्म्या झालाय." उलट्यांचं लक्षात आलं तेव्हा आईला पित्त वाटलं. एवढं खाते तरी अंगाला लागत नाही म्हणजे नजर लागली, म्हणून मीठ-मोहऱ्याही उतरवून झाल्या.

ओळखलं ते दातांच्या डॉक्टरांनी. दातांच्या आतल्या बाजूचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, उलट्यांतल्या आम्लाने झिजलेलं होतं. त्यांनी आईला बाहेर बसवून मृणालला एकच प्रश्न विचारला आणि ती रडायला लागली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या. पोटॅशियम इतकं कमी झालेलं की आधी हृदयाचे ठोके बघावे लागले. बुलिमिया असं निदान झालं, म्हणजे एका वेळी खूप खायचं आणि मग ते कसंतरी 'फेडायचं' असा आजार. मग अडीच वर्षं औषध, समुपदेशन, आणि घड्याळाला बांधलेलं जेवण: तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, चार तासांपेक्षा मोठी फट नाही. भूक लागली म्हणून खायचं नाही आणि नाही लागली म्हणून टाळायचं नाही, वेळ झाली की खायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात तिला दुपारच्या चार वाजताच्या एका केळ्यासाठी पाऊण तास लागायचा.

आईच्या भीतीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. बुलिमियात खाल्लेलं 'फेडायला' माणूस उलटीच करतो असं नाही. कुणी उपास करून फेडतं, कुणी व्यायाम करून. मृणाल उलटी आणि व्यायाम दोन्ही करायची. उलट्या थांबल्या तेव्हा घरच्यांना आजार संपल्यासारखं वाटलं, पण सुरसागरच्या फेऱ्या सगळ्यांत शेवटी सुटल्या, कारण त्यांना कुणी आजार म्हणतच नव्हतं. उपचारात सात महिने तिचा व्यायाम पूर्ण बंद होता. नंतर आठवड्यातून दोन दिवस, वजनं उचलायची, धावायचं नाही. आणि तिथे तिला काहीतरी गवसलं. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजनांचा बार उचलणं, शिकताना पहिल्यांदा तिने मला सांगितलं, "ताई, बारीक दिसण्यासाठी नाही, बार उचलायचा म्हणून मी आज नीट जेवून गेले."

तरीही ट्रेनर व्हायचं म्हणाली तेव्हा मी चुकले. "दुसरं काही सुचत नाही का? बी.कॉम. आहेस, बँकेच्या परीक्षा दे," असं मी बोलून गेले. ते तिच्या आईचंच वाक्य होतं, फक्त माझ्या खुर्चीवरून आलेलं. पुढच्या दोन भेटींत ती हवापाण्यावर बोलली. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण तिला हो किंवा नाही नको होतं. हे कसं ठरवायचं, ते तिला माझ्याकडून हवं होतं.

आईची शंका पोकळ होती असंही नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं ते शोधायला. त्या तरुणांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, जेवण तासन् तास चिवडत बसायला लागले, आणि प्रयोगानंतर त्यांच्यातल्या काहींनी स्वयंपाकाचाच व्यवसाय धरला. उपाशी मेंदू माणसाला अन्नाच्या आणि शरीराच्या आसपास घुटमळत ठेवतो. म्हणून अशा मुलीने या क्षेत्रात जायचं म्हटलं की मला आधी बघावं लागतं की ही ओढ पोट भरलेल्या मृणालची आहे, की आजारच नवा गणवेश घालून आला आहे.

हे बोलून कळत नाही. खाण्याच्या आजारातली माणसं पोषणावर माझ्यापेक्षा सुंदर बोलतात. वजन भरून आलं, पाळी नियमित झाली, रक्त ठीक आहे, हेही लागतंच, पण तेवढं पुरत नाही. मी एकच गोष्ट पाहते. ज्या दिवशी व्यायाम नाही, त्या दिवशी ती तेवढंच जेवते का?

मृणालला मी शंभर पानी वही आणायला सांगितली. वजन नाही, कॅलरी नाही, फक्त काय खाल्लं आणि त्या दिवशी व्यायाम होता की सुट्टी. दोन आठवड्यांनी वही उघडली. मंगळवार, व्यायाम: रात्री पोळ्या तीन, वांग्याची भाजी, आमटी-भात. गुरुवार, व्यायाम: पोळ्या तीन. रविवार, सुट्टी: पोळ्या अडीच, भात "थोडा". पुढचा रविवार: अडीच. मी बोट ठेवलं नाही. तिनेच ठेवलं. "ही अर्धी पोळी," ती म्हणाली. बराच वेळ ती त्या अर्ध्याकडे बघत होती. "आईला कळलंसुद्धा नसेल. मलाही लिहिताना कळलं नाही."

त्या अर्ध्या पोळीवर आम्ही चार महिने काम केलं. काम काय, तर रविवारी तिसरी पोळी पानात घ्यायची, खायची, आणि नंतरचे दोन तास काहीही फेडायचं नाही. जिना दोनदा चढायचा नाही, उगाच भांडी घासायला उभं राहायचं नाही, आईशेजारी बसून राहायचं. तिला मी शरीराचा हिशेब समजावला: दिवसभरात जेवढी ऊर्जा आपण खर्चतो तिच्यातली निम्म्याहून जास्त नुसतं जिवंत राहण्यात जाते, हृदय, यकृत, मेंदू चालू ठेवण्यात. आणि आदल्या दिवशी उचललेल्या वजनाची स्नायूंतली डागडुजी सुट्टीच्याही दिवशी चालूच असते. तिने ते लगेच पाठ केलं. पोळी मात्र पाठांतराने उतरत नाही. एका रविवारी तिने ती तोंडात धरून ठेवली आणि आजी म्हणाली, "गीळ गं बाई, मी पण घेते अर्धी." मधुमेहामुळे आजीची पोळी मोजलेली. दोघींनी वाटून खाल्ली. वहीत त्या दिवशी लिहिलंय: "पोळ्या २॥ + आजीबरोबर." मी तो दिवस पूर्ण धरला.

जूनमध्ये तिने कोर्सला नाव घातलं. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. परत घसरण झालीच तर पहिली खूण कोणती दिसेल हे मृणालने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याची एक प्रत आईला दिली. पहिली खूण तिने लिहिली: "मी रविवारी जिना चढायला लागेन."

कोर्समध्ये एक प्रात्यक्षिक असतं, कॅलिपर नावाच्या चिमट्याने एकमेकांच्या दंडावरची, पोटावरची त्वचा चिमटीत धरून चरबी मोजायची. तिने सरांना सांगितलं की मी इतरांची मोजीन, माझी मोजू नका. कारण विचारलं नाही, बरं झालं. कॅलरीचे आकडे दिसू नयेत म्हणून ट्रेडमिलच्या पडद्यावर ती अजून नॅपकिन टाकते.

पण मला खरी काळजी होती ती ट्रेनरच्या वेळापत्रकाची. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, दहापर्यंत सलग, मग संध्याकाळी पाच ते नऊ. दोन्ही जेवणवेळा मोडणाऱ्या. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी, हाडं, हृदय, मन, सगळ्यावर परिणाम होतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याला रेड-एस असं नाव दिलं, आणि ते धडधाकट खेळाडूंनाही होतं. म्हणून नोकरी घेताना तिने पगाराआधी साडेसातची पंधरा मिनिटं मागितली. त्या पंधरा मिनिटांत ती डब्यातलं थालीपीठ खाते, सगळ्यांच्या देखत. आलेल्या बायका विचारतात, "मॅम, तुम्ही हे खाता?" तिला त्याचा त्रास होईल असं मला वाटलं होतं. उलट एकदोघी आता स्वतःचा डबा आणतात.

मग नवरात्र आलं. बडोद्याच्या बाहेरच्यांना सांगायला हवं की इथे नवरात्राच्या महिनाभर आधी जिम ओसंडून वाहतात. गरब्याला पाठ उघडी असलेली चोळी नऊ रात्री घालायची असते, आणि तेवढ्यात काय ते 'करून दाखवायचं' असतं. मालकाने एकवीस दिवसांचं पॅकेज काढलं. मृणाल पूर्वी फार बारीक होती हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. "बेन, तुमचा तेव्हाचा फोटो द्या, बॅनरवर लावू. पब्लिक लाइन लगावशे!"

तो फोटो पोटॅशियम कोसळलं होतं त्या महिन्यातला होता.

ती माझ्याकडे आली तेव्हा हातातली पाण्याची बाटली नुसती उघडझाप करत होती. मी विचारलं, "त्या फोटोकडे बघून काय वाटलं?" ती म्हणाली, "खरं सांगू? आधी वाटलं, किती छान दिसत होते. मग भीती वाटली." मला तिचं हे उत्तर फार मोलाचं वाटतं. बरं झालेल्या माणसाला तो पहिला विचार येतच नाही असं नसतं. तो आला की ती तो उघड बोलते आणि त्याच संध्याकाळी जेवते, माझ्या लेखी हे बरं होणं. फोटो तिने दिला नाही. एकवीस दिवसांची बॅचही घेतली नाही. मालक नाराज झाला, पगारातली वाढ लांबली. तिने सकाळी अकराला पन्नाशीच्या पुढच्या बायकांची बॅच मागून घेतली, गुडघे, कंबर, हाडांची ताकद. तिथे कुणाला बारीक व्हायचं नाही, जमिनीवरून आधाराशिवाय उठता यायला हवं आहे.

सगळ्यांना मी असं हो म्हणत नाही. त्याच काळात एक बावीस वर्षांचा मुलगा यायचा. असे आजार मुलग्यांना होत नाहीत असं समजू नका. त्याला दंड कितीही फुगले तरी आपण काडीच आहोत असं वाटायचं. तापात तो जिमला गेला होता, बहिणीच्या लग्नात पंगतीला बसला नव्हता, उकडलेलं चिकन डब्यातून घेऊन गेला होता. सुट्टीचा दिवस ठेव म्हटलं तर त्याचे डोळे भरून आले. त्याला मी म्हटलं, अजून नाही. तो चिडून गेला. तीन महिन्यांनी परत आला, आणि आता आम्ही आठवड्यातल्या एका सुट्टीवर काम करतो आहोत. तो पुढे ट्रेनर होईलही. आज नाही.

मृणालला अलीकडे वेगळाच पेच पडला. सतरा वर्षांची एक मुलगी दोन-दोन तास ट्रेडमिलवरून उतरत नाही, आणि उतरली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. उलटीचा आवाज झाकायला सोडलेल्या नळाचा आवाज मृणालने ओळखला. तिला त्या मुलीला घरी बोलवायचं होतं, स्वतःचं सगळं सांगायचं होतं. मी थांबवलं. तिचं काम उपचार करणं नाही. लक्षात घेणं, बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलणं, त्या मुलीला सांगूनच तिच्या आईपर्यंत पोचणं, आणि डॉक्टरांचा रस्ता दाखवणं एवढं तिचं. डॉक्टर लगेच मिळत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत. मृणालने तो क्रमांक जिमच्या लॉकरच्या दारावर आतून चिकटवला आहे.

तिच्या आईने परवा सांगितलं की दोन वर्षं त्या बाथरूमबाहेर कान देऊन उभ्या राहायच्या, नळाचा आवाज मोजत. आता उभ्या राहत नाहीत का, मी विचारलं. "राहते की," त्या म्हणाल्या, "पण रविवारी नाही. रविवारी ती माझ्याशेजारी बसते ना जेवण झाल्यावर."

मृणाल आता दोन महिन्यांतून एकदा येते. पुढची भेट शनिवारी अडीचची होती, ती तिने साडेतीनला सरकवली. अकराची बॅच लांबते आहे, आणि तिला आधी जेवायचं आहे.