मरणाचे कारण लिहायचे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

आपल्या संस्थेत काम करता करता गेलेल्या पारोळ्याच्या आणि एरंडोलच्या मुलींवर स्मरणिकेसाठी लिहिलेला तुझा मसुदा काल दोनदा वाचला. ‘समर्पण’ हा शब्द त्यात सात ठिकाणी आला आहे आणि दोघी कशाने गेल्या, हे एकाही ठिकाणी नाही. घरच्यांना वाईट वाटेल, संस्थेला बोल लागेल, असे तुला कुणीतरी सुचवले आणि तू गोंधळलीस. गोंधळ समजतो, पण मरणाचे कारण लिहायचे. सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे शाळकरी पोरेही सांगतात; त्याने त्या लहान झाल्या का?

पारोळ्याच्या मुलीबद्दल लिहायचे तर तिच्या वह्या उघड. प्रत्येक पानाच्या समासात ती, घरातल्या छळाची तक्रार घेऊन संस्थेत आलेल्या बाईच्या गावची शेवटची एसटी लिहून ठेवी, म्हणजे बोलणे कितीही लांबले तरी बाई अडकायला नको. खाली एक टिंब असे: बाई जेवून आली असेल तर भरीव, उपाशी असेल तर पोकळ. पोकळ टिंबाच्या बाईपुढे आधी हिच्या डब्यातली कळण्याची भाकरी यायची, मग कागद. तो डबा रोज रिकामा होताना मी पाहत होते आणि चारचौघींत त्याचे कौतुक करत होते.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा म्हणतो की पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आमच्याकडे तारखांवर तारखा पडत, आणि प्रत्येक तारखेला ती बाईशेजारी उभी असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतायला नकार देत, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसे. त्याच दिवसांत तिने चार दिवसांची रजा मागितली. ‘आखाजीची गर्दी ओसरू दे,’ असे मी म्हटले. गर्दी ओसरली तेव्हा तिचे हिमोग्लोबिन सातच्या खाली होते, आणि साध्या तापाचे निमित्त पुरले. बाईला ते बारा हवे, आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, हे आकडे मी गावोगावच्या भाषणांत तोंडपाठ सांगत असे. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला मात्र एकदाही विचारले नाही.

तेव्हा आम्ही तिघीच होतो. ती नसती तर त्यांतल्या कितीतरी बायका त्याच घरी परत गेल्या असत्या, हे आजही खरे आहे. मला आज दोष देणाऱ्यांपैकी एकही जण वैशाखाच्या त्या उन्हात आमच्याबरोबर बसायला आली नव्हती. असो. मी स्वतःची बाजू मांडते आहे, हे मला कळते. म्हणूनच सांगते, कारण लिहायचे.

एरंडोलच्या मुलीबद्दल फार लिहू नकोस, तिच्या आईला ते वाचायचे आहे. पण शेवटची एसटी चुकल्यावर ती रात्री दुचाकीने महामार्गावरून परतत होती आणि मुक्कामासाठी आपण तिला कधी पैसे दिले नव्हते, ही दोन वाक्ये हवीतच.

‘त्यांचा वारसा’ हा शेवटचा परिच्छेद काढून टाक. त्या जागी रजा नाकारणारीचे नाव घाल. ते माझे आहे. छापण्याआधी कुणी ते खोडले तर मला फोन कर.