डिझेल इंजिनातील उष्णता भिंतीत का जिरते?

प्रश्न : डिझेल इंजिनात ज्वलनाची बरीच उष्णता रेडिएटरमधून वाया जाते. सिलिंडरच्या भिंतींना उष्णतारोधक लेप का देत नाहीत?

उत्तर : हजार बारहून अधिक (वातावरणाच्या सुमारे हजारपट) दाबाने सुटलेला इंधनाचा फवारा पेटतो, तेव्हा ज्योतीचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते. धातूलगत वायूचा जो पातळ, तुलनेने थंड थर असतो, तोच भिंतीचे खरे पांघरूण होय; परंतु पेटता फवारा पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यावर वेगाने आदळला की हा थर विरळ होतो आणि त्या जागी उष्णता धातूत झपाट्याने शिरते. म्हणून फवाऱ्याची दिशा आणि खळग्याचा आकार यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

जाड सिरॅमिक लेपाचे प्रयोग पूर्वी झाले. मात्र सतत तापलेली भिंत आत येणारी हवाही तापवते, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी मावते, आणि वाचलेली उष्णता बहुतांशी धुराड्यावाटेच निघून जाते. मला अधिक मोलाचा वाटतो तो टोयोटाने 2015 मध्ये पिस्टनवर वापरलेला सच्छिद्र लेप, जो ज्वलनावेळी चटकन तापतो आणि हवा आत येताना तितक्याच चटकन निवतो.