फेरोइलेक्ट्रिक, 'लोहविद्युत' आणि 'मापन'

प्रश्न असा आहे: नॅनो आकाराच्या फेरोइलेक्ट्रिक रचना कशा करतात आणि मोजतात, यावर मराठीत लेख लिहायचा आहे. 'फेरोइलेक्ट्रिक'ला 'लोहविद्युत' म्हणावं का? आणि 'निर्मिती व मापन' चालेल का?

'लोहविद्युत' मी तरी टाळेन. 'जलविद्युत' ऐकलेला वाचक लोखंडापासून वीज करतात असंच समजेल. मुळात या पदार्थांत लोह असण्याची गरजच नाही. १९२० साली जोसेफ व्हॅलासेक यांना फेरोइलेक्ट्रिक गुण रोशेल सॉल्ट नावाच्या क्षारात दिसला. त्यात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, टार्टरेट आहे, लोह नाही. हा गुण असा: विद्युत क्षेत्र काढून घेतलं तरी ध्रुवण, म्हणजे पदार्थातल्या धन आणि ऋण भारांची एका दिशेने झालेली सरक, उरतं, उलटं क्षेत्र लावलं की ते उलटतं आणि क्षेत्र व ध्रुवण यांच्या आलेखावर बंद वेटोळं उमटतं. लोखंडाच्या चुंबकत्वाचा आलेखही असाच, म्हणून 'फेरो'. बिस्मथ फेराइटमध्ये लोह असतं खरं, पण तिथेही ध्रुवणाचं श्रेय मुख्यतः बिस्मथकडे जातं! तेव्हा 'फेरोइलेक्ट्रिक' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ज्याचं ध्रुवण आपोआप असतं आणि विद्युत क्षेत्राने उलटवता येतं असा पदार्थ' एवढं सांगा.

'निर्मिती' चूक नाही, पण ढोबळ आहे. केंद्रित आयन शलाकेने मोठ्या स्फटिकातून बारीक खांब काढतात, ते 'कोरणं'. या कामाला बहुधा गॅलियमचे आयन वापरतात आणि ते पृष्ठभागाची नासधूस करतात. कोरल्यानंतर तापवून ती भरून काढायचा प्रयत्न होतो. लेसरच्या स्पंदांनी पदार्थ उडवून आधारावर थर बसवतात, तिथे 'थर वाढवणं' शोभतं. क्रिया वेगळ्या, दोषही वेगळे. क्रियापद नेमकं असलं की वाचकाला निम्मी गोष्ट तिथेच कळते.

खरी अडचण 'मापन'ची आहे. १०० नॅनोमीटर बाजूचा चौरस कपॅसिटर घ्या. ध्रुवण दर चौरस सेंटिमीटरला २५ मायक्रोकूलंब धरलं, तर ते पूर्ण उलटताना सुमारे ५ फेम्टोकूलंब विद्युतभार सरकतो, म्हणजे जेमतेम ३०,००० इलेक्ट्रॉन. जोडतारांची आगंतुक धारिता, म्हणजे त्यांची नको असलेली भार साठवण्याची क्षमता, १ पिकोफॅरड असली तरी १ व्होल्टला ती त्याच्या २०० पट भार खाते. म्हणून एकट्या नॅनोरचनेचं वेटोळं थेट मिळवणं फार कठीण. पुष्कळदा हजारो रचना समांतर जोडून एकत्र मोजतात.

एकेक रचना पाहायला पिझोरिस्पॉन्स फोर्स मायक्रोस्कोप वापरतात. वाहक टोक पृष्ठभागावर टेकवून त्याला प्रत्यावर्ती व्होल्टेज देतात. पृष्ठभाग थरथरतो, तोही काही पिकोमीटरच, म्हणजे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. थरथर व्होल्टेजच्या तालात आहे की उलट, यावरून ध्रुवणाची दिशा ठरवतात. ध्रुवण किती, हा आकडा मात्र त्यातून सरळ निघत नाही. शिवाय टोक आणि नमुना यांच्यातलं स्थिरविद्युत बलही तसाच कंप देऊ शकतं. त्यामुळे इथे 'ध्रुवणाचं मापन' लिहू नका. 'ध्रुवणाचं चित्रण' किंवा 'प्रतिसादाची नोंद' लिहा. 'मापन' हा शब्द भार मोजणाऱ्या प्रयोगांसाठी राखून ठेवा.

तिथेही वेटोळं दिसलं की फेरोइलेक्ट्रिक, असं लिहून मोकळं होऊ नका. पदार्थातून झिरपणारा गळका प्रवाहही वेटोळं काढतो. २००८ मध्ये फेरोइलेक्ट्रिकचे अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी चक्क केळ्याच्या सालीचं वेटोळं छापून दाखवलं होतं.

'हिस्टेरिसिस' (वेटोळं उमटवणारं हे मागे रेंगाळणं) आणि 'डोमेन' (ध्रुवणाची दिशा एकच असलेला पदार्थातला भाग) हे शब्द तसेच राहू द्यात.